ट्रेड झालेला फॉर्म हरवलेला फलंदाज सावरेल का? अंदाज बांधण्याचा नेमका क्रम

जुलै सरत आला की अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या चाहत्यांत हाच प्रश्न फिरू लागतो: .१९०च्या बॅटिंग अ‍ॅव्हरेजवर (शंभर संधींत जेमतेम १९ हिट) अडकलेला अमुक फलंदाज ट्रेडमध्ये, म्हणजे संघांमधल्या देवाणघेवाणीत, नव्या संघात गेला, आता तरी तो सावरेल का? उत्तर शोधताना दर वर्षी तीच चूक होते. आधी नव्या संघाचं मैदान बघितलं जातं, मग तिथला लाइनअप (फलंदाजीची फळी), मग पहिल्या आठवड्यातले दोन होमरन. घसरण मुळात कशामुळे झाली, हे कोणी विचारलंच तर सगळ्यात शेवटी. कारणच ठाऊक नसेल तर ट्रेडने ते दूर होईल की नाही, हे कसं ठरवणार?

म्हणून क्रम उलटवायचा. आधी फलंदाज, मग ट्रेड. खाली दिलेली पद्धत एका खेळाडूसाठी जेमतेम अर्ध्या तासाची आहे. फँटसी लीगमध्ये त्याला उचलायचं की नाही हे ठरवायला ती पुरते.

टप्पा १: तयारी

तीन साइट उघडून ठेवा, तिन्ही फुकट आहेत. बेसबॉल सॅव्हंटवर चेंडू किती जोरात आणि कोणत्या कोनात मारला याची मोजमापं मिळतात (सगळ्या मैदानांवर ती २०१५पासून होत आहेत). फॅनग्राफ्सवर हंगामांची तुलना सोपी जाते. बेसबॉल-रेफरन्सवर सामन्यागणिक नोंदी आणि घर-बाहेर अशी विभागणी सापडते.

एका कागदावर चार रकाने आखा: नशीब, शरीर, स्विंग (बॅट फिरवण्याची पद्धत), जागा. घसरणीचा जो पुरावा सापडेल तो यांपैकी एका रकान्यात जायला हवा. शेवटी कोणता रकाना भरलेला आहे त्यावर उत्तर ठरतं.

दोन शब्द पुढे सतत येतील. पीए म्हणजे प्लेट अपिअरन्स, फलंदाज प्लेटवर आला ती प्रत्येक खेप. डब्ल्यूआरसी प्लस म्हणजे फलंदाजीची एकूण किंमत सांगणारा आकडा. यात १०० म्हणजे लीगची सरासरी, १२० म्हणजे सरासरीपेक्षा २० टक्के सरस. मैदानाचा सरासरी परिणाम त्यात आधीच वजा केलेला असतो, हे आत्ताच लक्षात ठेवा, पुढे याचीच गल्लत होते.

सूचना: भारतातून बघत असाल तर ट्रेडची मुदत अलीकडे न्यूयॉर्कच्या वेळेनुसार संध्याकाळी सहाला संपते, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेतीनला. टप्पा ५पर्यंतचं काम आदल्या दिवशी उरका. झोपेत केलेला हिशेब हमखास चुकतो.

टप्पा २: हा फलंदाज मुळात किती चांगला आहे?

घसरण मोजायची तर कशापासून, हे आधी ठरवा. लोक सर्वोत्तम हंगाम धरतात. होर्हे सोलेरने २०१९मध्ये ४८ होमरन मारून अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा नॅशनल लीग) पहिला नंबर पटकावला. पण ‘सावरला तर ४८ मारेल’ हा अंदाज नव्हे, ती इच्छा झाली.

सोपी रीत म्हणजे गेल्या तीन हंगामांना ५-४-३ असं वजन द्यायचं, ताज्याला जास्त. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ टॉम टँगो यांच्या मार्सेल या अंदाज बांधण्याच्या पद्धतीत हीच वजनं आहेत. मात्र वजनाला पीएनेही गुणा. एक काल्पनिक फलंदाज घेऊ:

- यंदा ३२० पीए, डब्ल्यूआरसी प्लस ८५. वजन ५ × ३२० = १६००
- गेल्या वर्षी ६०० पीए, १२०. वजन ४ × ६०० = २४००
- त्याआधी ६०० पीए, १२८. वजन ३ × ६०० = १८००

प्रत्येक आकडा त्याच्या वजनाने गुणून बेरीज करा आणि ५८००ने भागा: उत्तर साधारण ११३ येतं. मार्सेल त्यात लीगच्या सरासरी दर्जाचे १२०० पीए मिसळते, मग ते १११वर उतरतं. वय तिशीपलीकडे असेल तर आणखी एक-दोन कमी करा.

म्हणजे यंदा ८५वर असलेल्या माणसाकडून उरलेल्या हंगामात ११० धरणं रास्त आहे, आणि यात ट्रेडचा अजून संबंधही आलेला नाही. तो जुन्याच संघात राहिला असता तरी बहुधा सुधारलाच असता. ट्रेडला जे श्रेय मिळतं त्यातला मोठा वाटा खरं तर या साध्या हिशेबाचा असतो.

तपासा: उत्तर १००च्या आसपास किंवा खाली येतंय का? मग हा फॉर्म हरवलेला फलंदाज नाहीच. तो आता असाच आहे, आणि पुढचे टप्पे करण्यात फारसा अर्थ नाही.

टप्पा ३: नशिबाचा भाग वेगळा काढा

बॅबिप म्हणजे मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी किती हिट ठरले. आधी शब्द समजून घ्या. हिट म्हणजे चेंडू मारून बेस गाठणं. वॉक म्हणजे चार बाहेरच्या चेंडूंवर फुकट मिळालेला पहिला बेस. अ‍ॅट-बॅट म्हणजे वॉक वगैरे वगळून उरलेल्या खेपा. स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद होणं. सॅक्रिफाइस फ्लाय म्हणजे स्वतः झेलबाद होऊन साथीदाराला धाव मिळवून देणारा उंच फटका. सूत्र असं: हिटमधून होमरन वजा करा. त्याला भागा ज्या संख्येने, ती अशी: अ‍ॅट-बॅट वजा स्ट्राइकआउट वजा होमरन अधिक सॅक्रिफाइस फ्लाय. लीगची सरासरी .२९०-.३००च्या घरात असते.

समजा ३२० अ‍ॅट-बॅट, ७० हिट, १२ होमरन, ९० स्ट्राइकआउट, २ सॅक्रिफाइस फ्लाय. ५८ भागिले २२०, म्हणजे .२६४. याचा कारकिर्दीतला बॅबिप .३०० असेल तर ६६ हिट पडायला हवे होते. आठ हिट कमी पडले. ते मिळवले की बॅटिंग अ‍ॅव्हरेज .२१९वरून .२४४वर जातं. चार महिन्यांत आठ ठिकाणी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) एक पाऊल डावीकडे उभा असता, तर पेपरात मथळा वेगळा असता.

पण इथे थांबू नका. बॅबिप कमी दिसला की ‘दुर्दैव’ म्हणून मोकळं होणं ही दुसरी मोठी चूक. चेंडूच मिळमिळीत मारले असतील तर हिट कमी पडणारच. म्हणून सॅव्हंटवर तीन गोष्टी बघा:

१. हार्ड-हिट टक्केवारी, म्हणजे ताशी ९५ मैल किंवा त्याहून वेगाने मारलेले चेंडू. गेल्या दोन वर्षांइतकीच आहे का?
२. एक्स-वोबा आणि प्रत्यक्ष वोबा यांतलं अंतर. (वोबा म्हणजे वॉक, हिट, होमरन यांना त्यांच्या किमतीप्रमाणे वजन देणारा फलंदाजीचा आकडा.) पहिला आकडा चेंडूच्या वेग-कोनावरून ‘काय मिळायला हवं होतं’ ते सांगतो, दुसरा प्रत्यक्षात काय मिळालं ते.
३. हंगामातला सगळ्यात वेगवान फटका. तोच दोन-तीन मैलांनी उतरला असेल तर नशिबाचा रकाना सोडा आणि सरळ टप्पा ४वर जा.

सावधान: एक्स-वोबाला चेंडू कोणत्या दिशेला गेला ते कळत नाही. त्यामुळे डावीकडच्या रेषेलगत उंच फटके ओढणाऱ्या उजव्या फलंदाजाला तो कायम कमी लेखतो. याचं उदाहरण टप्पा ६मध्ये येईल.

टप्पा ४: शरीर

इंजर्ड लिस्टच्या (जखमी खेळाडूंच्या यादीच्या) नोंदी वाचा, आणि जिथे माणूस लिस्टवर न जाता तीन-चार दिवस बाकावर बसला अशा तारखाही गेम लॉगमध्ये शोधा. मनगट, हात, खांदा, बरगडीलगतचे स्नायू यांची दुखणी बॅटचा वेग खातात. गुडघा-घोट्याची दुखणी पाया डळमळीत करतात. २०२४पासून सॅव्हंटवर बॅटचा वेगही मिळतो. लीगची सरासरी ताशी ७२ मैलांच्या आसपास आहे, पण तुलना खेळाडूची त्याच्याशीच करा.

दुखापत ही नेहमी वाईट बातमी नसते. बरी होण्याची मुदत ठाऊक असलेली दुखापत हे घसरणीचं सगळ्यात चांगलं कारण. एडी रोसारिओला २०२१मध्ये अटलांटा ब्रेव्हजने क्लीव्हलंडकडून घेतलं तेव्हा तो पोटाच्या स्नायूच्या दुखापतीने लिस्टवरच होता. ऑगस्टच्या अखेरीस परतला, ३३ सामन्यांत ७ होमरन मारले आणि पुढे नॅशनल लीग अंतिम मालिकेचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) ठरला. उलट कोडी बेलिंजर. २०२०च्या प्लेऑफमध्ये होमरनचा जल्लोष करताना त्याचा उजवा खांदा निखळला, शस्त्रक्रिया झाली, आणि २०२१मध्ये .१६५, २०२२मध्ये .२१० अशी दोन वर्षं गेली. त्याच्या तेव्हाच्या संघाने, लॉस एंजेलिस डॉजर्सने, सोडल्यावर शिकागो कब्सकडून २०२३मध्ये .३०७ आणि २६ होमरन. तो ट्रेड नव्हता, पण धडा लागू पडतो: खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर ‘पुढच्या महिन्यात बरा होईल’ असं धरू नये.

ट्रेडच्या ऐन तोंडावरची छोटी दुखापतही नोंदवा. २०२५च्या जुलैअखेर युजेनियो सुआरेझच्या हातावर चेंडू बसला आणि काही दिवसांत तो ॲरिझोनाहून सिअ‍ॅटलला गेला. ॲरिझोनात ३६ होमरन मारून आलेला माणूस सिअ‍ॅटलकडून ५३ सामन्यांत .१८९ खेळला. सगळा दोष हाताचा असं म्हणता येणार नाही, पण त्या रकान्यात खूण हवीच.

टप्पा ५: स्विंग आणि चेंडूची निवड

वेळ इथे घालवा. सगळ्यात जास्त माहिती इथेच दडलेली असते.

(क) स्ट्राइकआउट आणि वॉक. लीगची सरासरी अनुक्रमे साधारण २२ आणि ८-९ टक्के. दोन्ही पूर्वीइतकेच असतील तर फलंदाजाची नजर शाबूत आहे. स्ट्राइकआउट सहा-सात टक्क्यांनी चढले असतील तर पुढे वाचा.

(ख) स्ट्राइकआउट कुठून वाढले? झोनबाहेरच्या (स्ट्राइक ठरणाऱ्या चौकटीबाहेरच्या) चेंडूंमागे धावतोय, की झोनमधलेच चेंडू हुकतायत? हा फरक बरेच जण करत नाहीत. बाहेरच्या चेंडूंमागे धावणं ही बऱ्याचदा उतावीळपणाची खूण, ती सुधारू शकते. झोनमधले चेंडू हुकणं जास्त गंभीर, त्यातही वेगवान फास्टबॉल हुकत असतील तर.

(ग) कोणत्या प्रकारचे चेंडू? सॅव्हंटवर फास्टबॉल, ब्रेकिंग (वळणारे, स्लायडर त्यातलाच) आणि ऑफस्पीड (मुद्दाम संथ टाकलेले) अशी फोड बघा. तेहतीस वर्षांचा फलंदाज फास्टबॉलवर गारद होत असेल तर वय बोलतंय. पंचविशीतला फलंदाज स्लायडरवर गारद होत असेल तर पिचरांनी (चेंडू टाकणाऱ्यांनी) त्याची खोड ओळखली आहे, आणि ती खोड नव्या गावातही सगळ्यांना ठाऊक असणार. स्काउटिंगची माहिती सगळ्याच संघांकडे असते.

(घ) चेंडू जमिनीवर जातायत का? ग्राउंड बॉल वाढले आणि हार्ड-हिट तेवढंच राहिलं, तर ताकद आहे, टायमिंग हुकलंय. दुरुस्त होण्याजोगं आहे.

दोन माणसं शेजारी ठेवून बघा. सोलेर २०२१मध्ये कॅन्सस सिटीकडून ९४ सामन्यांत .१९२वर होता, पण चेंडू जोरात जात होता. ३० जुलैला तो ब्रेव्हजकडे गेला आणि ५५ सामन्यांत .२६९ आणि १४ होमरन. वर्ल्ड सीरिजचा (हंगामाच्या अंतिम मालिकेचा) एमव्हीपीही तोच. त्या काळात त्याचे स्ट्राइकआउटही ठळकपणे घटले, म्हणजे नुसतं नशीब फिरलं असं नव्हे.

जोई गॅलो २०२२च्या २ ऑगस्टला यांकीजकडून डॉजर्सकडे गेला. यांकीजकडून .१५९, डॉजर्सकडून .१६२. काय तो तीन हजारांशांचा फरक. संघ बदलला, शहर बदललं, दबाव करणारी गॅलरी बदलली, तरी स्ट्राइकआउट ४० टक्क्यांच्या आसपासच राहिले. बॅटच चेंडूला लागत नसेल तर मैदान कितीही लहान असो, उपयोग नाही.

टप्पा ६: आता ट्रेडकडे वळा

इथवर येईपर्यंत चारांपैकी एखादा रकाना भरलेला असेल. आता एकच प्रश्न: त्या रकान्यातलं काय बदलतंय?

*मैदान.* पार्क फॅक्टर (मैदान फलंदाजांना किती सोपं ते सांगणारा आकडा) नुसता बघू नका, फलंदाजाच्या फटक्यांचा नकाशा त्या मैदानावर ठेवून बघा. सॅव्हंटवर तशी सोय आहे. आयझाक परेदेसचा सगळा धंदा डावीकडच्या रेषेलगतच्या उंच फटक्यांवर चालतो. टँपा बेच्या ट्रॉपिकाना फील्डमध्ये ती भिंत ३१५ फुटांवर. जुलै २०२४मध्ये तो कब्सकडे गेला, रिग्ली फील्डवर तीच रेषा ३५५ फुटांची. टँपाकडून १०१ सामन्यांत १६ होमरन, कब्सकडून ५२ सामन्यांत ३. त्या डिसेंबरमध्ये ह्यूस्टनने त्याला घेतलं, तिथे डावी भिंत पुन्हा ३१५ फुटांवर, आणि २०२५मध्ये २० होमरन आले. ट्रेडच्या दिवशी हे कागदावर दिसत होतं.

मैदानाचा जोर चालतो तो अशा टोकाच्या फलंदाजांवर. चेंडू सगळीकडे मारणाऱ्याला दहा फुटांनी फार फरक पडत नाही. आणि गॅलोला विसरू नका: डावखुरा, ताकदवान, यांकी स्टेडियमची उजवी भिंत ३१४ फुटांवर. २०२१च्या जुलैत तो तिकडे गेला तेव्हा जोडी जुळली असंच सगळ्यांना वाटलं होतं. उरलेल्या हंगामात .१६०.

*चेंडू दिसणं.* पार्श्वभूमी, प्रकाश, हवा. सिअ‍ॅटलचं मैदान फलंदाजांना जड जातं. तेओस्कार हर्नांडेझ २०२३मध्ये तिथे घरच्या मैदानावर .२१७ आणि बाहेर .२९५ होता. पुढच्या वर्षी डॉजर्सकडून त्याचे ३३ होमरन झाले. घर-बाहेर इतकं अंतर दिसलं तर जागेच्या रकान्यात ठळक खूण करा.

*भूमिका.* डावखुऱ्या पिचरांसमोर गळपटणाऱ्याला नवा संघ फक्त उजव्या पिचरांसमोर खेळवणार असेल, तर त्याचे आकडे लगेच सुधारतील. फँटसीवाल्यांनी मात्र ताळा करावा: आकडे सुधारतील, पीए घटतील.

*प्रशिक्षक.* हा बदल खरा असतो, पण सावकाश चालतो. होसे बाउटिस्टा ऑगस्ट २००८मध्ये पिट्सबर्गहून टोरंटोला गेला. तिथल्या प्रशिक्षकांनी त्याला स्विंग लवकर सुरू करायला लावलं. फळ दिसायला लागलं ते २००९च्या शेवटच्या महिन्यात, आणि ५४ होमरन आले २०१०मध्ये. ट्रेड झाल्या झाल्या ‘नव्या कोचने स्विंग बदलला’ अशी बातमी आली तर तिला महिनाभर तरी किंमत देऊ नका.

दोन गोष्टी जवळपास सोडूनच द्या. एक, ‘मागे तगडा फलंदाज आहे, आता याला चांगले चेंडू मिळतील’. हा परिणाम बोलला जातो त्याच्या मानाने अगदीच किरकोळ असतो. दोन, ‘लीग बदलली, पिचर त्याला ओळखत नाहीत’. २०२३पासून प्रत्येक संघ उरलेल्या २९ही संघांशी खेळतो. तो मुद्दा आता जुना झाला.

सावधान: अंदाज डब्ल्यूआरसी प्लसमध्ये मांडलाय आणि वर मैदान सोपं म्हणून पाच गुणही वाढवलेत? मग मैदान दोनदा मोजलंत. परेदेससारखी खास जुळणी असेल तरच त्यात हात घाला. होमरनचा अंदाज करत असाल तर मात्र मैदान मोजायलाच हवं.

टप्पा ७: आकडा लिहा, तारखेसह

टप्पा २चा आकडा घ्या आणि रकान्यांप्रमाणे तो हलवा:

- नशीबच भरलेलं, बाकी कोरं: आकडा तसाच ठेवा. तो सावरेल, ट्रेड झाली नसती तरी.
- शरीर, मुदत संपत आलेली: तसाच ठेवा, पण पहिले दोन आठवडे सोडून द्या.
- शरीर, मोठी शस्त्रक्रिया किंवा बॅटचा वेग उतरलेला: पाच ते दहा कमी करा.
- स्विंग, झोनमधले चेंडू हुकणं: तेवढेच कमी करा, या हंगामात आशा धरू नका.
- जागा, ठळक जुळणी: तीन ते पाच वाढवा. त्यापेक्षा जास्त वाढवायचा मोह होतो, आवरा.

या फेरबदलांचे आकडे माझ्या अदमासाचे आहेत, कोणतं शास्त्र नव्हे. तुमचे वेगळे असू शकतात. पण पहिला सामना सुरू व्हायच्या आत ते लिहिलेले हवेत. नाहीतर सप्टेंबरमध्ये प्रत्येकाला ‘मी म्हणालोच होतो’ असं आठवतं.

टप्पा ८: नंतर काय, केव्हा बघायचं

मुदतीनंतर साधारण ५५ सामने उरतात, म्हणजे रोज खेळणाऱ्याला २००-२४० पीए. एवढ्यात बॅटिंग अ‍ॅव्हरेज काहीही दाखवू शकतं. खरोखर .२५० दर्जाचा फलंदाज २०० अ‍ॅट-बॅटमध्ये तीनातल्या दोन वेळा .२२० ते .२८०च्या दरम्यान असतो, आणि तिसऱ्या वेळी त्याच्याही बाहेर. जॉश बेल २०२२मध्ये वॉशिंग्टनकडून .३०१ होता. सॅन डिएगोला गेल्यावर ५३ सामन्यांत .१९२. तो ना तेव्हा इतका भारी होता, ना नंतर इतका वाईट.

म्हणून या क्रमाने बघा:

१. पहिले दोन आठवडे: फक्त तो रोज खेळतोय का आणि कितव्या क्रमांकावर, एवढंच.
२. ५० चेंडू मैदानात पडल्यावर: फटक्यांचा वेग.
३. ६० पीएनंतर: स्ट्राइकआउट. सावरण्याची पहिली भरवशाची खूण इथे दिसते.
४. १२० पीएनंतर: वॉक.
५. १७० पीएनंतर: होमरनचं प्रमाण.
६. बॅटिंग अ‍ॅव्हरेज: या हंगामात नाहीच. त्याला ९००च्या आसपास अ‍ॅट-बॅट लागतात.

तिसऱ्या पायरीवर स्ट्राइकआउट घटलेले नसतील आणि अ‍ॅव्हरेज मात्र .३०० दिसत असेल, तर फँटसी लीगमध्ये त्याला दुसऱ्याच्या गळ्यात मारायची हीच वेळ.

पुढच्या हंगामाचा अंदाज करताना ते ५५ सामने वेगळे काढून त्यांच्यावर इमला बांधू नका. त्यांना पूर्ण हंगामात मिसळून टप्पा २ पुन्हा करा. सोलेरने वर्ल्ड सीरिज गाजवल्यावर मायामी मार्लिन्सने त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला, आणि २०२२मध्ये तो ७२ सामन्यांत .२०७ खेळला. त्याच्या पुढच्या वर्षी परत ३६ होमरन. २०२१चा अटलांटातला तुकडा आणि कॅन्सस सिटीतला तुकडा एकत्र मोजला असता, तर यातलं काहीच फार धक्कादायक वाटलं नसतं.